होफर साहेबांचा खंजीर

खंडेनवमीला वर्कशॉपमधली हत्यारं पुजायची, हा सोमनाथचा आखातातल्या मुसफ्फात कामाला आल्यापासूनचा शिरस्ता. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू. यंदा ओळीत एक पाहुणा होता, वर्कशॉपचे मालक असलेल्या होफर साहेबांचा खंजीर. साहेबांचे आजोबा जर्मन सैन्यात मेजर होते. त्यांच्या खंजिरासाठी काचेची पेटी आणि खाली पितळी पाटी, अशी ऑर्डर होती. हत्यार ते हत्यार, म्हणून सोमनाथने त्यालाही कुंकू लावलं आणि भक्तिभावाने हात जोडले. सुपरवायझर मुनीरने त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवला.

पाटी कोरायची राहिली होती. अर्थ कळल्याशिवाय सोमनाथ एक अक्षर कोरत नसे, म्हणून त्याने जर्मन मजकूर मोबाइलवर भाषांतर करून वाचून घेतला. १९३९, पोलंड. १९४१, रशिया. १९४२, पिछाडीचा बंदोबस्त, त्याबद्दल पदक. तारखा ताडून पाहायला साहेबांनी आजोबांच्या कागदांची झेरॉक्स दिली होती. त्यात या बंदोबस्ताचा अहवालही होता. एक गाव. ठार दोनशे बारा. सापडलेल्या बंदुका तीन. आपली हानी काही नाही.

सोमनाथच्या वाडीत माणसंच मुळी दोनशेच्या आसपास, तान्ही पोरं धरून. बंदुका तीन, मग बाकीच्यांच्या हातात काय होतं? लाटणी? असल्या कामाला पदक देणारे कसले, आणि ते छातीवर मिरवणारा कसला! त्याला शिसारी आली. त्याहून जास्त शिसारी आली ती स्वतःची. या नराधमाच्या खंजिराला आपण नमस्कार केला.

दुपारी होफर साहेब आले ते हसतच. "ब्युटिफुल फोटो, सोमनाथ! माझी मदर तर रडली." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. पाटीवर शेवटची एक ओळ वाढवायची होती: 'भारतीय कारागिरांनी या खंजिराची पूजा केली.'

सोमनाथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने अहवालाचा कागद पुढे केला. "सर, धिस व्हिलेज. टू हंड्रेड ट्वेल्व्ह पीपल. ओन्ली थ्री गन."

साहेबांनी कागदाकडे पाहिलंही नाही. "वॉर इज वॉर, माय फ्रेंड. घरी फार प्रेमळ होते ते."

"सोमनाथ, एक लाइन ही तो है," मुनीर हळूच म्हणाला. "खोद दे, खलास. व्हिसा रिन्यूअल है तेरा अगले महीने."

ती धमकी नव्हती, काळजी होती. बायको, लेक रुपालीची फी, सगळं व्हिसावरच्या साहेबांच्या एका सहीवर होतं. तरी तो बोलला, "सर, मैंने लोहे को नमस्कार किया. आपके दादाजी को नहीं. मुनीरभाई, अंग्रेजी में बोलो इनको. लिखना है तो ये लिखो."

मुनीरने मान खाली घालून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, पाटीवर उरलेली जागा बोटाने मापली आणि मान हलवली.

"टू लाँग," ते म्हणाले.

सोमनाथने कोरायच्या मशीनची किल्ली काढून मुनीरच्या हातावर ठेवली. "तुम खोदो. मेरा हाथ एक बार लग गया, बस."

मुनीरने पाटी कोरली. अकरा मिनिटं लागली.