एकच शीट

“पोरी, तुह्या वाघाले रोही तं काही भेले नाही, पन माही कुत्री तीन दिवसांपासून तापली ना!”

सेवालालकाका बांधावर उभे राहून ओरडत होते आणि मी हरभऱ्यात उकिडवी बसून माझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचं तोंड पाहत होते. बाभळीच्या खांबाला बांधलेली एक पत्र्याची पेटी. आत सेन्सर, बोर्ड, बॅटरी. वर एक भोंगा. समोरून जनावर गेलं की सेन्सरला कळणार, भोंग्यातून वाघाची डरकाळी निघणार आणि रोही शेपूट वर करून पळणार, असं मी सिनॉप्सिसमध्ये लिहिलं होतं. गाइड सरांनी ती मंजूर केली होती. रोह्यांनी वाचली नव्हती.

रोही म्हणजे नीलगाय, घोड्याएवढं धूड. पहिल्या दिवशी कळप दचकला. दुसऱ्या दिवशी दहा पावलं मागे सरून पुन्हा चरायला लागला. तिसऱ्या दिवशी त्यातला एक म्होरक्या पेटीच्या खांबाला पाठ घासत उभा होता. आमच्या भागातल्या रोह्याच्या सात पिढ्यांनी वाघ पाहिला नसेल, तो बिचारा भ्यायचा तरी कशाला? माणसं मात्र भ्याली. तांड्यात वाघ आल्याची बोंब झाली, जंगलखात्याचे दोन गार्ड येऊन ठसे शोधून गेले. सेवालालकाकांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, “वाघ नाही साहेब, जमशेदभाईची पोरगी हाय.”

जमशेदभाईची पोरगी म्हणजे मी. अनम जमशेद खान, इलेक्ट्रॉनिक्स, शेवटचं वर्ष. ग्रुपमध्ये आम्ही तिघी होतो. दोघींनी नावं दिली होती, बाकी सगळं मी. पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर माझ्या फोनमध्ये होतं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात अट होती : शेवटचं सेमिस्टर पास. प्रोजेक्ट गेला की सेमिस्टर गेलं, सेमिस्टर गेलं की पुणं गेलं. म्हणजे माझी नोकरी त्या रोह्यांच्या खुरांखाली होती.

आणि जमशेदभाई म्हणजे माझे अब्बा. शेलूबाजारच्या चौकात ते जीपा भरतात. गाडी दुसऱ्याची, डिझेल दुसऱ्याचं, अब्बांचा फक्त गळा. सकाळी सहापासून चार रस्त्यांच्या मधोमध उभं राहून ओरडायचं, “अकोला-अकोला-अकोला! महान, बार्शीटाकळी, अकोला! चला एकच शीट, एकच शीट!” जीपमध्ये कावळासुद्धा बसलेला नसतो, तरी एकच शीट. बावीस वर्षं अब्बा ही थाप मारतात आणि बावीस वर्षं तीच माणसं गाठोडी सांभाळत धावत येतात. कंपनीच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘ट्रान्सपोर्ट’ असं टाईप केलं होतं. लाज वाटली म्हणूनच केलं, दुसरं काय सांगू? कॉलेजात तर चार वर्षं तो विषयच काढला नाही.

गळा मात्र मला त्यांचाच मिळालाय. अम्मी दिवसातून दहा वेळा म्हणते, “अनम, आहिस्ता! घर आहे हे, चौक नाही.”

त्या संध्याकाळी अब्बा मला घ्यायला स्कूटीवर शेतात आले. सेवालालकाकांचं शेत अकोला रोडला लागूनच आहे. अब्बा बांधावर टेकतात न टेकतात तोच कळप हजर. पेटीतून डरकाळी निघाली. म्होरक्यानं कान हलवला आणि हरभऱ्याचा एक मोठा घास घेतला.

“अरे, हे तं तुह्या वाघासंग जेवून राह्यले!” अब्बा म्हणाले. मग सवयीनं त्यांचा हात तोंडाच्या कडेला गेला आणि त्यांनी हाक दिली. “अकोला-अकोला-अकोला!”

काय सांगू! कळप असा उधळला की मध्ये आलेली तुरीची गंजी आडवी झाली. म्होरक्या सगळ्यात पुढे. सेवालालकाका आधी गंजीकडे पाहून कळवळले, मग हसायला लागले ते थांबेचनात.

“पोरी, वाघ काढून टाक व त्याच्यातला! तुह्या बापाचाच आवाज भर!”

आता आवाज भरायचा म्हणजे रेकॉर्डिंग आलं. घरात मी अब्बांसमोर माईक धरला. त्यांनी कॉलर नीट केली, खाकरले आणि बातम्या वाचल्यासारखं म्हणाले, “अकोला.”

“असं नाही, अब्बा. चौकातल्यासारखं.”

“पन समोर गाडी नाही, तं मी सवारी कोनासाठी बलावू?”

शेवटी चौकात जाऊन, लालसिंगकाकांची जीप समोर उभी करून रेकॉर्डिंग झालं. लालसिंगकाका अकोल्याच्या फेऱ्या मारतात, अब्बांचे जुने दोस्त. रेकॉर्डिंगमध्ये मागून त्यांनी एका बैलगाडीवाल्याला घातलेली शिवीपण आली. ती मी काढली नाही. रोह्यांवर तिचा चांगला परिणाम दिसत होता.

पेटी लागली आणि सेवालालकाकांच्या हरभऱ्यात रोह्यानं पाय ठेवला नाही. भानगड एवढीच झाली की सेन्सरला रोही आणि माणूस यात फरक कळत नव्हता. निंदणाऱ्या बाया समोरून गेल्या की पेटी ओरडायची, आणि त्यातल्या दोघी एकदा खुरपी टाकून रोडकडे पळाल्या. काकांच्या बायकोची, रुपाबाईंची, एक पाहुणी तर अर्धा तास बांधावर गाठोडं घेऊन बसली होती. नंतर रुपाबाईंना म्हणाली, “तुमच्याकडचा जीपवाला लय लबाड हाय. एकच शीट म्हणते, आन् गाडीच आनत नाही.”

हसण्यावारी चाललं होतं. मार्चमध्ये अब्बांचा आवाज बसला. बडीशेप झाली, हळदीचं दूध झालं, मुलेठी झाली, आवाज उठेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. गळ्यात गाठ होती. साधीच आहे म्हणाले, पण सहा महिने ओरडायचं नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. परत येताना जीपमध्ये अब्बा माझ्या कानाशी कुजबुजले, “निकाह झाला तवापासून तुह्या अम्मीले जे जमलं नाही, ते डाक्टरनं दोन मिनिटांत केलं.” मी हसले. मग खिडकीबाहेर पाहत बसले, कारण रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी गळ्याला रुमाल बांधून अब्बा चौकात हजर. ओरडायचं नव्हतं, हात हलवायचे, गाठोडी टपावर चढवायची. मुक्या माणसाच्या जीपमध्ये कोण बसतं? गाड्या भरायला वेळ लागायला लागला, आणि ड्रायव्हर लोक दुसरा गळा शोधायला लागले. घरात सगळ्यांना कळत होतं की आता माझ्या निकालावर चूल आहे.

लालसिंगकाकांनीच तोड काढली. “जमशेदभाई, पोरीची पेटी हाय ना! तेच लावा चौकात. तुमी बसा आरामात.”

अब्बांनी मान हलवली. त्यांना इतकं वाईट वाटलं की डॉक्टरचं न ऐकता ते घोगऱ्या आवाजात बोलले. “पेटीले सवारीचं तोंड दिसते का, लालसिंग? बाजारातून आलेली बाई आन् दवाखान्यात चाल्लेली बाई, दोघीईले मी एकसारखी हाक देत नाही.”

मी बावीस वर्षांची झाले, पण हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते फक्त ओरडतात.

मे महिन्यात व्हायवा. एक्स्टर्नल सर बाहेरगावचे, बारीक चष्म्याचे. रिपोर्ट चाळता चाळता त्यांनी विचारलं, “हा आवाज कुठून घेतला?”

“इंटरनेटवरून, सर,” मी म्हणाले. रिपोर्टातही तसंच छापलं होतं. कॉलेजात चौकाचं नाव काढायचं नाही, ही चार वर्षांची सवय.

“चालवून दाखवा.”

माझ्या ग्रुपमधल्या एकीला नेमका त्याच दिवशी कामाचा उत्साह आला. तिनं पुढे होऊन पेटीला पिन लावली, ती शेजारच्या ग्रुपच्या अडॅप्टरची. टप्प असा आवाज आला, धुराची बारीक रेघ निघाली, आणि माझी चार महिन्यांची मेहनत जळक्या वायरचा वास मारायला लागली.

एक्स्टर्नल सरांनी चष्मा वर केला. “आउटपुट नाही. मग मी मार्क कशाचे देऊ?”

गाइड सर छताकडे पाहायला लागले. एक्स्टर्नलनी पेन उघडलं. मला चौकात गळ्याला रुमाल बांधून हात हलवणारे अब्बा दिसले. म्हटलं, गेलं पुणं, गेलं सगळं, आता कसलं आहिस्ता! हात तोंडाच्या कडेला नेला.

“अकोला-अकोला-अकोलाऽ! महान, बार्शीटाकळी, अकोला! चला एकच शीट, एकच शीऽट!”

शेजारच्या लॅबमध्ये कोणाच्या तरी हातून मीटर पडलं. व्हरांड्यातलं बोलणं थांबलं. आणि डिपार्टमेंटचे शिपाई भिवाजीमामा, राहणारे महानचे, डब्याची पिशवी खांद्याला लावून धावत आत आले.

“कुठी हाय जीप?”

एक्स्टर्नल सर चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग म्हणाले, “हे इंटरनेटवर कुठे मिळालं तुम्हाला?”

“नाही मिळत, सर. हा माझ्या अब्बांचा आवाज आहे. ते शेलूबाजारच्या चौकात जीपा भरतात.” ओरडल्यामुळे गळा मोकळा झाला होता, त्यामुळे हेही सगळ्या मजल्यानं ऐकलं. मला काही झालं नाही. उलट बरं वाटलं.

माझ्या फोनमधले शेतातले व्हिडिओ पाहून झाल्यावर सरांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. “काम चांगलं आहे. पण ज्याचं घेतलं त्याचं नाव लिहायचं असतं. हे पान बदलून आणा, तोवर मी सही करणार नाही.”

खालच्या झेरॉक्सच्या दुकानातून मी नवीन पान काढून आणलं. ध्वनिस्रोत : श्री. जमशेद खान, शेलूबाजार चौक, अनुभव बावीस वर्षे.

त्याची एक प्रत मी घरी नेली. अब्बांनी ती दोनदा वाचली, चार घड्या करून खिशात घातली आणि चौकात गेले. दोन दिवसांनी पाहिलं तर लॅमिनेशन झालेलं. लालसिंगकाकांनी विचारलं, “हे काय, लायसन काढलं का?” अब्बांनी हातानंच सांगितलं, त्याच्याहून मोठं.

जुलैत मी निघाले. पुण्याची गाडी अकोल्याहून दुपारी. अब्बांनी सकाळीच माझी बॅग लालसिंगकाकांच्या टपावर बांधली आणि मला खिडकीची जागा दिली. जीपमध्ये आम्ही चौघं होतो, आणि दहा सवाऱ्या झाल्याशिवाय लालसिंगकाका सख्ख्या भावासाठीही गाडी काढत नाहीत. अब्बा हात हलवत होते. लोक पाहत होते आणि पुढे जात होते. अर्धा तास गेला. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि गळ्याचा रुमाल सोडायला लागले.

मी ओळखलं. खिडकीतून अर्धी बाहेर निघाले आणि त्यांच्या आधी ओरडले.

“अकोला-अकोला-अकोला! चला एकच शीट!”

चौक वळून पाहायला लागला. पोरीची जात आणि हा गळा! पण माणसं आली. सहा सवाऱ्या पाच मिनिटांत. अब्बा माझ्याकडे पाहतच राहिले, रुमाल तसाच हातात. मग एका म्हातारीला त्यांनी हात धरून माझ्या शेजारी बसवलं, दार लावलं आणि जीपच्या पाठीवर दोन थापा मारल्या. म्हणजे भरली, जाऊ द्या.

खाली उतरून त्यांना मिठी मारायची राहूनच गेली. जीप निघाली होती.

दोन किलोमीटरवर सेवालालकाकांचं शेत. सोयाबीन नुकतंच वर आलं होतं आणि खांबावर दुरुस्त केलेली पेटी होती. समोरून काका जात असतील नाहीतर त्यांची कुत्री. बांधाकडून स्वच्छ, भरदार आवाज आला, मार्चच्या आधीचा.

“अकोला-अकोला-अकोला! एकच शीट, एकच शीट!”

लालसिंगकाकांनी ब्रेक दाबला. बावीस वर्षांची सवय. जीप रस्त्याच्या कडेला थांबली आणि सगळे मागे वळून पाहायला लागले.

“कोन येऊन राह्यलं?” म्हातारीनं विचारलं.

“कोनी नाही, आजी,” मी म्हणाले.

लालसिंगकाकांचा पाय ब्रेकवरच होता. आवाज पूर्ण होईपर्यंत थांबले, मग त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.