लंडनच्या घड्याळावर पट्टी

जेटीच्या तोंडाशी, तिकिटाच्या खिडकीवर, अख्ख्या आगरदांड्याला दिसेल असा फ्लेक्स टांगला होता. मधोमध हेमाली. डोक्यावर काळी चौकोनी टोपी, जी तिनं जन्मात घातली नव्हती. मागं लंडनचं ते मोठं घड्याळ. वर लालभडक अक्षरांत: ‘गावची पहिली लंडन रिटर्न एमबीए! हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांची रांग, आणि त्यांच्यात महिपतकाका. गळ्यात चेन, कानाला मोबाइल, आणि फोटो हेमालीपेक्षाही मोठा.

हेमालीचं डोकं सटकलं.

“काका! लंडन? मी पनवेलच्या पुढं तरी गेलेय का कधी?”

“अगो, परदेशातली डिग्री म्हंजे लंडनच की,” काका म्हणाला. दोन ट्रकांचा मालक माणूस, आणि बाप गेल्यापासून घरात त्याचाच शब्द. “फ्लेक्सवाल्या विनेशला दुसरा फोटू गावलाच नाय.”

“आणि एमबीए?”

“बिझनेसचं शिकलीस ना? मग एमबीएच. तुझं ते लांबलचक नाव कोण वाचत बसतंय?”

आता ह्याला सांगायचं तरी कसं? कॉलेज तिनं मधेच सोडलं होतं. मग मोबाइलवर, परदेशातल्या एका इन्स्टिट्यूटची स्वस्तातली बिझनेस डिग्री केली. माशांच्या टोपल्यांवर बसून लेक्चरं ऐकली, परीक्षा दिल्या, पास झाली. मुरुडच्या बँकेत दाखवायला गेली तर साहेबानं कागद उलटासुलटा करून परत दिला. “हे आपल्याकडं चालत नाही, बाळ.” ती बाळ म्हटल्यावरच जास्त पेटली होती.

पण मस्कतच्या एका मासळीच्या कंपनीनं तिचा अर्ज बाजूला काढला. त्यांच्याकडं नाना देशांची माणसं, नाना तऱ्हेचे कागद. ते आधी माणूस बघायचे. म्हणून आज कंपनीच्या रचना मॅडम दिघीहून फेरीनं येणार होत्या, हेमालीला बघायला. अर्जात हेमालीनं स्वच्छ लिहिलं होतं: ऑनलाइन डिग्री, भारतात मान्यता नाही. आणि जेटीवर उतरल्या उतरल्या मॅडमना दिसणार होती लंडन रिटर्न एमबीए.

“उतरवा तो. आत्ताच्या आत्ता.”

“येडी का काय? अख्ख्या आळीची तोंडं हायत त्यावर. उतरवलास तर तुझ्या हळदीला कुत्रं फिरकणार नाय.”

हे मात्र खरं होतं. लग्नाला एक वेळ कोणी आलं नाही तरी चालतं, पण हळदीला आळी आली नाही तर घराची लाज जाते. फ्लेक्सवरचा चेहरा फाडणं म्हणजे त्या माणसाच्या थोबाडीत मारणं. हेमालीनं दात आवळले. तेवढ्यात फेरीचा भोंगा वाजला.

मॅडम उतरल्या. हातात एकच बॅग, पायात साध्या चपला. त्यांनी फ्लेक्स वाचला, मग हेमालीकडं पाहिलं.

काका पुढं झालाच. “हीच आमची एमबीए!”

“एमबीए?” मॅडम म्हणाल्या. “अर्जात तर असं काही नाही. असेल तर बरंच आहे. आमच्याकडं मॅनेजरची जागा रिकामी आहे.”

काकानं हेमालीला कोपर मारलं. तेही चांगलं जोरात.

मॅनेजर. हेमालीला क्षणभर टोपी घातलेली स्वतः दिसली, घड्याळासकट. मग तिला स्वतःचाच राग आला.

“खोटं आहे ते, मॅडम. एमबीए नाय, लंडन पण नाय. अर्जात लिहिलंय तेच खरं.”

काकाचा चेहरा पडला. जाळी विणणारे दोघे हात थांबवून ऐकायला लागले.

“मग या डिग्रीची किंमत काय?” मॅडमनी विचारलं.

“इथं? काय नाय. पण ती बघा मासळीवाली जनीमावशी.” हेमालीनं बोट दाखवलं. “कोर्सला शेवटी खराखुरा धंदा करून दाखवायचा होता. काशीदचे कॉटेजवाले मासळी अलिबागहून आणायचे, आणि मावशीची मासळी मुंबईला जायची. येडेपणा! मी कॉटेजवाल्यांना आदल्या संध्याकाळी ऑर्डर सांगायला लावली. आता सकाळी मावशीची मासळी घेऊन माझी स्कूटी जाते.”

“बोट रिकामी आली तर?”

“ऑर्डर घेतानाच सांगते, समुद्र माझ्या बापाचा नाय. पापलेट नसेल तर मांदेली घ्या. बहुतेक घेतात.”

“परदेशी बँकेचे व्यवहार?”

“पुस्तकातले येतात. हातानं केलेले नायत.”

जनीमावशी लांबूनच ओरडली, “पोर चांगली हाय, मॅडम! फक्त लवकर तापते!”

मॅडम पहिल्यांदा हसल्या. “एमबीए म्हणाली असतीस तर याच फेरीनं परत गेले असते. आधी एकानं तसंच केलं, आणि कागद तपासताना आम्ही तोंडघशी पडलो. पण एक ऐक. मॅनेजरच्या जागेला डिग्रीवर तिकडच्या सरकारचा शिक्का लागतो, तो तुझ्या डिग्रीवर बसत नाही. असिस्टंट म्हणून येशील?”

“येईन. पण पुढच्या वर्षी वरच्या जागेसाठी माझं काम बघायचं.”

“शिक्क्याशिवाय?”

“शिक्का लागणारच असेल तर तो बसेल अशी डिग्री कुठं मिळते ते सांगा. नोकरी करत मिळवते. पण तोवर मला साइडला टाकायचं नाय.”

“हे मी लिहून देऊ शकत नाही.”

“मग तोंडानं बोला. काका साक्षीला आहेच.”

मॅडमनी काकाकडं पाहिलं. काकानं नकळत चेन सारखी केली.

“बोलले,” मॅडम म्हणाल्या.

दुपारी विनेश शिडी लावून फ्लेक्सवर चढला. लाल अक्षरांवर पांढरी पट्टी बसली: ‘ऑनलाइन बिझनेस डिग्री, मस्कतला नोकरी.’ आळीची तोंडं जागच्या जागी राहिली. काका खाली तोंड फुगवून उभा.

“घड्याळ तरी ऱ्हाऊ दे गो. लई भारी दिसतंय.”

“राहू दे की. मग तुमचा फोटो माझ्यापेक्षा लहान करा. दोन्हींतलं एक.”

काकानं घड्याळाकडं पाहिलं, मग स्वतःच्या फोटोकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“विनेश,” तो शेवटी म्हणाला, “घड्याळावर पण पट्टी मार.”