जमीन सुकेपर्यंत

सासऱ्याचा धंदा गालिचे धुण्याचा. मुलाने त्याकडे पाठ फिरवली तेव्हा सुनेनेच कंबर कसली आणि ब्रश हातात घेतला. इथवर सगळं गोड होतं. पण आता बाईसाहेबांनी नवं खूळ काढलं. कुणाच्या घरात पाइप फुटला, टाकी वाहिली, की जाऊन पाणी उपसायचं आणि जमिनी-भिंती सुकवून द्यायच्या. स्वतःची स्कूटर विकून तिने भलेमोठे पंखे आणलेसुद्धा.

"हे विकतचं दुखणं आहे," सासरा म्हणाला. "आपण बरे, आपले गालिचे बरे."

"एक काम करून बघू, बाबा. फसलं तर पंखे विकून टाकू. ठरलं?"

"ठरलं!" म्हातारा जरा जास्तच आनंदाने म्हणाला.

पहिलं काम जुन्या गिऱ्हाइकाकडेच निघालं, एकट्या राहणाऱ्या टेलरबाईंकडे. पाइप फुटून त्यांच्या बैठकीची लाकडी जमीन न्हाऊन निघाली होती. सुनेने गुडघ्यांवर बसून कोपरा न् कोपरा पुसला, पंखे लावले आणि बजावलं, "जमीन सुकेपर्यंत बंद करायचे नाहीत हं. ओल राहिली की लाकूड फुगलंच म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी तिला गालिचे धुवायला जायचं होतं, म्हणून तिने सासऱ्याला तिकडे धाडलं. तो पोचला तर घर चिडीचूप.

"मीच बंद केले," टेलरबाई म्हणाल्या. "काय तो आवाज! माणसाला स्वतःशीसुद्धा बोलता येईना. तिला सांगू नका हं."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! आता नुसतं गप्प बसलं की पंखे गेलेच. 'बरं' म्हणून म्हातारा चपला घालायला वळलाही.

"पोर गुणी आहे पण," टेलरबाई मागून म्हणाल्या. "काम फसलं तर पदरमोड करून जमीन नवी घालून देईन म्हणाली. बाबांच्या नावाला बट्टा लागू देणार नाही म्हणे."

"कोणाच्या बाबांच्या?"

"अहो, तुमच्या! अजून कोणाच्या?"

म्हाताऱ्याला भरून आलं. तो मागे फिरला आणि त्याने सगळी बटणं दाबली. पंखे गरजले.

"अहो, आता मी बोलू कोणाशी?" टेलरबाई ओरडल्या.

"माझ्याशी!" खुर्ची ओढत तोही ओरडला.

मग काय विचारता! रोज सकाळपासून दोघं समोरासमोर बसून बेंबीच्या देठापासून ओरडायचे. गुडघेदुखी झाली, जावई झाले, हल्लीच्या कापडात राम कसा उरला नाही तेही झालं. रस्त्यावरचे लोक थबकायचे, एवढं कडाक्याचं भांडण कशावरून म्हणून.

अखेर सुनेने येऊन ओल मोजली. जमीन कोरडी ठाक! टेलरबाईंच्या पोटात काही राहिना, त्यांनी सगळं सांगून टाकलं.

सून सासऱ्याकडे बघतच राहिली. "बाबा, गप्प बसला असतात तर तुम्ही जिंकला असतात की!"

म्हाताऱ्याचा घसा पार बसला होता.

"हो," तो कसाबसा म्हणाला, "पण तू हरली असतीस ना."