बाकाच्या टोकावरून आलेला प्रश्न

जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास जीवनशिक्षणाचा असे. वेळापत्रक करणाऱ्या सिस्टरनी तो तिथे टाकला तो नाइलाजानंच असणार, कारण त्या वेळी मुलींचे डोळे अर्धे मिटलेले असतात. पण बाईंना तो तास आवडायचा. वर्ग चॅपलला लागून होता. मधल्या भिंतीत उंचावर एक रंगीत काच होती. पलीकडचं ऊन तिच्यातून निळं, तांबूस होऊन खाली येई आणि बाकांवर, वह्यांवर, पेंगणाऱ्या वेण्यांवर हळूहळू सरकत राही.

बाईंच्या पोटात सकाळपासून काही नसायचं. आईला पक्षाघाताचा झटका येऊन तिची वाचा गेली, तेव्हा त्या काचेपलीकडे गुडघे टेकून बाई प्रभूला बोलल्या होत्या, ‘आईला बोलू दे, मी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर एकदाच जेवेन.’ आई बोलू लागली. नुसती बोलू लागली नाही, थांबेचना. “परत मिळालेली सगळी वाचा तुला ‘जेव गं’ म्हणण्यातच खर्च होतेय माझी,” असं ती रोज सकाळी सुनवायची. बाई हसून चपला घालायच्या. त्यांचा हा नवस शाळेतही सगळ्यांना ठाऊक होता.

दुपारपर्यंत अंग पिसासारखं व्हायचं. आवाज लांबून यायचे, हातातल्या खडूला वजन नसायचं. त्या हलकेपणात देव अगदी खांद्याशी उभा आहे असं बाईंना वाटे. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांच्या तासाला प्रश्न विचारायची एक रीत होती. शरीर, पाळी, मैत्री, प्रेम, घरातली भांडणं, असल्या गोष्टींवर उभी राहून कोण विचारणार? म्हणून आधी सगळ्यांनी डोळे मिटायचे. मग ज्या मुलीला प्रश्न असेल तिनं तो शेजारणीच्या कानात सांगायचा, शेजारणीनं पुढच्या कानात, आणि बाकाच्या टोकावर बसलेल्या मुलीनं उभं राहून तो मोठ्यानं विचारायचा. टोकावरची मुलगी फक्त निरोप पोचवणारी. प्रश्न कुणाचा, हे कुणी विचारायचं नाही.

खिडकीजवळच्या बाकाच्या टोकावर भोंगा बसायची. तिचं हसणं मैदानाच्या पलीकडे ऐकू जायचं म्हणून हे नाव. गोल चेहरा, गोबरे गाल, आणि अलीकडे भर उन्हातही अंगात ढगळ स्वेटर. तिच्या शेजारी काडी. नावाप्रमाणेच. पलीकडे भिंतीशी आणखी एक, जी या तासाला हमखास झोपायची.

त्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, ‘देह ही देणगी आहे.’ डोळे मिटले गेले, कुजबुज वाऱ्यासारखी बाकांवरून फिरली, आणि टोकावरच्या मुली एकेक करून उभ्या राहिल्या. भोंगा उभी राहिली तेव्हा निळा उजेड नेमका तिच्या गालावर आला होता.

“देणगी आवडली नाही तर काय करायचं?” तिनं विचारलं. तिचा आवाज आज फार खाली होता. “आणि उपवास धरल्यावर पाळी यायची बंद झाली, तर देवानं ऐकलं असं समजायचं का?”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाई हसल्या नाहीत.

“नाही,” त्या म्हणाल्या. “देव असे निरोप पाठवत नाही. पाळी थांबली तर शरीरच हाक मारतंय असं समजायचं. घरी सांगायचं, नर्सताईंकडे जायचं. लगेच. आणि न आवडलेल्या देणगीबद्दल आपण बोलू. बसून, निवांत.”

बोलता बोलता त्यांची नजर काडीच्या मनगटांवर गेली. तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं.

“मी?” काडीचे डोळे मोठे झाले. “बाई, मी दोन-दोन डबे खाते! आजी म्हणते, हिच्या पोटाला बूडच नाही. माझा खाते आणि वर भोंगाचाही मीच खाते.”

“भोंगाचा?”

“ती देते ना रोज. तिचा नवस आहे.” काडीनं दप्तर खांद्यावर घेतलं. “तुमच्यासारखा.”

“आणि आजचा प्रश्न?”

“मी काहीच सांगितलं नव्हतं, बाई. अन् भिंतीवाली तर घोरत होती.”

स्वतःचा प्रश्न लपवायला टोकाच्या जागेइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती, आणि ती त्यांनीच करून दिली होती.

भोंगा चॅपलमध्ये सापडली. मागच्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. सगळीकडे मेणाचा जुना वास होता आणि उजेड पाण्यातल्यासारखा डुलत होता. बाई तिच्या शेजारी बसल्या.

“काडीनं चहाडी केली ना?” भोंगा म्हणाली.

“तिनं तिच्या भुकेचं सांगितलं. मग मला तुझ्या भुकेचं कळलं.”

“घरी म्हणतात, आवाजही मोठा, अंगही मोठं, हिला ठेवायचं कुठे. मस्करीत म्हणतात.” तिनं स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढल्या. “मला लहान व्हायचं होतं जरा. मग ते छान वाटायला लागलं. आपण इथे असतो पण नसतो. हलकं. तुम्हालाही वाटतं ना, बाई?”

खोटं बोलणं सोपं होतं. “वाटतं,” बाई म्हणाल्या.

“मग?”

त्यांनी तिचा हात धरला. तो गोठल्यासारखा गार होता.

“कुणाला सांगू नका ना.”

“तसं वचन मला देता यायचं नाही, बाळा. नर्सताईंना आणि तुझ्या आईला सांगावं लागेल. पण तुझ्या पाठीमागे नाही सांगणार. चल, आपण दोघी जाऊ.”

भोंगा उठली, आणि उठताच तोल जाऊन पुन्हा बसली. दुसऱ्यांदा बाईंनी तिला आधार देऊन उठवलं.

“आज चॅपलमधून दोन-दोन पाहुण्या?” नर्सताई आपल्या खोलीच्या दारातून म्हणाल्या. मग भोंगाची नाडी धरली आणि त्यांची थट्टा थांबली. वजन बघितलं, रक्तदाब बघितला. “अशक्तपणा बराच आहे. आजच्या आज डॉक्टरांना दाखवायचं. आईला बोलावते मी.” आणि शेजारच्या खोलीत फोन करायला जाताना त्यांनी टेबलावर दुधाचा पेला आणि बशीत चार बिस्किटं ठेवली. “तोवर एवढं पोटात जाऊ दे. सावकाश.”

भोंगानं बशीकडे पाहिलं, आणि मग बाईंकडे.

“तुम्ही तरी कुठे खाता?”

त्या मुलीला टोमणा मारायचा नव्हता. ती खरंच विचारत होती.

बाईंच्या डोळ्यांसमोर आईचं तोंड आलं, त्या वेळचं, वाकडं झालेलं, शब्द शोधणारं. देव काही दुकानदार नाही, दिलेलं तो परत मागून घेत नाही, हे त्यांनीच किती वर्गांना शिकवलं होतं. तरी हात उचलेना. खिडकीबाहेर मैदानावर कुणीतरी शिटी वाजवत होतं, फार लांब, दुसऱ्याच कुठल्या दुपारी वाजावी तशी.

त्यांनी एक बिस्किट उचललं आणि खाल्लं.

इतका गोडवा दिवसाउजेडी त्या विसरूनच गेल्या होत्या. जीभ दचकली, कानशिलं गरम झाली. खोलीचे कोपरे एकदम स्पष्ट दिसू लागले, भिंतीचा रंग, टेबलावरचा ओरखडा, समोरच्या मुलीच्या ओठांवरच्या भेगा. देव कुठे गेला नव्हता. भोंगानं बिस्किटाचा कोपरा दातांनी तोडला. चावत राहिली आणि रडत राहिली. एक बिस्किट संपायला तिची आई येईपर्यंतचा वेळ लागला. पुढे डॉक्टर होते, कितीतरी जेवणं होती, पण ते एक संपलं.

संध्याकाळी बाई घराचा जिना चढू लागल्या. रोज मधल्या वळणावरच आईचा आवाज गाठायचा. कधी दूधवाल्याला, कधी मांजराला, कधी नुसत्या भिंतीला. आज काहीच नव्हतं. दार ढकललं तर आई खिडकीशी खुर्चीत, मान छातीवर.

“आई.”

पडदा हलला. आई नाही हलली.

“आई गं!”

“ओरडतेस काय? डोळा लागला होता जरा.” आईनं मान वर केली, चष्मा चाचपून लावला आणि लेकीकडे निरखून पाहिलं. “ते काय आहे? क्रुसाच्या साखळीत चुरा अडकलाय कसला.”

“बिस्किटाचा.”

“खाल्लंस?”

“खाल्लं. दुपारी.”

आणि मग आई गप्प झाली. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बाई दारातच उभ्या राहिल्या, चप्पल एका पायात.

“डब्याला ब्रेड चालेल ना उद्या?” आई शेवटी म्हणाली. “लोणी डाव्या हातानं लावावं लागतं मला, कुठे जाड कुठे पातळ होईल. नावं ठेवायची नाहीत.”

“नाही ठेवणार,” बाई म्हणाल्या. “दोघींपुरता दे.”