काचेवरचा डाग

मी एक दीर्घिका बोलतेय. देवयानी म्हणतात मला. छापील चित्रांत माझा काय तो थाट! वळणदार भुजा, मधोमध सोनेरी गाभा, अब्जावधी तारे. खरं सांगते, ती चित्रं पाहून मलाच मेल्याहून मेल्यासारखं होतं. कारण तुमच्या आकाशात मी आहे फुंकरीएवढी.

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका बाईने माझ्यापायी वर्षभर हात सोलून घेतले. घरचं आवरलं की ती मोरीत बसून दुर्बिणीचा आरसा घासायची. नवरा म्हणायचा, "आरसा घासतेस की नशीब?" ती हसण्यावारी न्यायची.

दुर्बीण झाली. दिवेलागणीनंतर तिने घरच्यांना गच्चीवर बोलावलं. माझं रंगीत चित्र आधीच सगळ्यांना दाखवून झालेलं.

पहिली वाकली नणंद. "वहिनी, काचेला बोट लागलंय बघ."

बाईने काच पुसली. मी तशीच. पुन्हा पुसली. मी आपली तिथेच, पुसट, ओशाळलेली.

"एवढ्यासाठी वर्षभर?" नवरा म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर तोही हसला.

माझा तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. त्याला आता 'जरा नटूनथटून जा' असं सांगू तरी कशी? धरणीने पोटात घ्यावं म्हणतात. मला तर धरणीही नाही.

मंडळी खाली गेली. सासूबाई तेवढ्या राहिल्या. डोळा दुर्बिणीला लावला खरा, पण सुनेची फजिती रोखून बघायचा त्यांना धीर होईना. नजर कडेला सरकली.

"अगं, ही तर पसरली!"

"उगाच समजूत काढू नका, आई."

"समजूत कसली? सरळ बघू नकोस. कडेला बघ."

बाईने तसं पाहिलं. अंधुक उजेड डोळ्याच्या कडेनेच नीट दिसतो; मी लांबवर उलगडत गेले. दुर्बिणीला लावायला घेतलेलं झाकण तिच्या हातातच राहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी नवरा एकटाच वर आला, मान खाली घालून. "काल सगळ्यांसमोर मी हसायला नको होतं. परत दाखवशील?"

ती बाजूला झाली. "कडेला बघ."

"नाही दिसत अजून."

"बघ तू. मी थांबते."

तुम्हीही कधी मला बघायला आलात, तर एवढं करा. लाजलेल्याकडे टक लावू नये. नजर जरा बाजूला ठेवा, मी येते.