पिवळा आणि निळी

तीस वर्षं मी इस्पितळात एक्स-रे काढले. निवृत्त झाल्यावर धाकट्या भावानं त्याची जुनी दुर्बीण मला दिली, दोन्ही डोळ्यांनी बघायची, आणि मला एक नाद लागला. जोडतारे. नुसत्या डोळ्यांना एकच ठिपका दिसतो. दुर्बीण स्टँडवर घट्ट बसवली आणि श्वास रोखून पाहिलं की त्या एकाचे दोन होतात. अंधार पडला की मी मागच्या अंगणात आरामखुर्ची टाकायची आणि दिसेल ते वहीत लिहायची.

माझ्या आणि शेजारच्या अंगणांमध्ये छातीएवढी भिंत होती. पलीकडे राहायचा कवळीवाला, म्हणजे दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारा कारागीर. त्याची बायको अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. दोघांशी माझं बरं होतं. पण एक दिवस कवळीवाल्यानं मागच्या भिंतीवर भला मोठा दिवा लावला. त्याचा झोत नेमका माझ्या खुर्चीवर.

"चोर फार झालेत, मावशी," तो म्हणाला.

"अरे, चोर आरामखुर्ची घेऊन येतो का?"

तो हसला नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस माझ्या विनोदाला हसला नाही, असं आजवर झालं नव्हतं.

दोन दिवसांनी मी वही भिंतीवर विसरले आणि ती पलीकडे पडली. दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन दारात उभा. अंगातल्या एप्रनवर प्लॅस्टरची पांढरी भुकटी तशीच. त्यानं एका पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागला.

"'आठ पन्नास. आधी एकच वाटलं. मग दोघं स्पष्ट दिसले. मोठा पिवळा, धाकटी निळी. अगदी जवळजवळ.' मावशी, कोण हा पिवळा?"

मला हसू फुटलं. "अरे, तारा आहे तो! मोठा तो तारा, आणि बारकी ती चांदणी."

"चिमणीचा कोट निळा आहे," तो म्हणाला. "आठवड्यातून तीनदा संध्याकाळी जाते, नऊच्या सुमाराला परत येते. मैत्रिणीकडे जाते म्हणते. मैत्रीण म्हणते, महिनाभरात ती फिरकलीच नाही. आणि आमच्या मागच्या फाटकाशी मी एकदा पिवळ्या जाकिटातला माणूस पाहिलाय."

मी त्याच्या हातून वही घेतली. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, ते ठीक. पण तो माणूस मीही पाहिला होता. पंधरा दिवसांपूर्वी, डोळे चोळायला दुर्बीण बाजूला केली तेव्हा. पिवळं जाकीट, हातात कागद, आणि समोर चिमणी. मी तेव्हा मनावर घेतलं नव्हतं.

"तारेच असतील तर दाखवा," तो म्हणाला.

आणि नेमकं आभाळ भरून आलं. चार दिवस एक ठिपका दिसेना. तो रोज भिंतीपाशी यायचा, वर बघायचा आणि माझ्याकडे असं बघायचा, जणू ढग मीच आणून ठेवलेत. चिमणी मात्र वाळत घातलेले कपडे काढता काढता गुणगुणत असायची. तेही मला खटकायला लागलं. एवढं कसलं हिला सुख?

पाचव्या दिवशी आकाश मोकळं झालं. त्यानं आपणहून दिवा बंद केला आणि भिंत ओलांडून आला. वहीतला तोच तारा, हंस तारकासमूहाच्या चोचीतला, मी त्याला लावून दिला.

"हलू नकोस. श्वास रोख."

त्यानं खुर्चीत बसून दुर्बिणीला डोळे लावले. मग हळूच म्हणाला, "आहेत दोन. पिवळा... आणि ती निळी." दुर्बिणीवरून डोळे काढले तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल त्याला. पण वहीवरचा संशय खोटा ठरला तरी महिनाभराच्या संध्याकाळी काही खोट्या ठरत नव्हत्या.

"मावशी, रोज बसता इथं. फाटकाशी खरंच कधी काही पाहिलं नाहीत?"

मी जरा थांबले. "मी वर बघते बाबा," म्हणाले.

दुसऱ्याच्या संसारात कशाला नाक खुपसा, असं मी मनाला सांगितलं. पण त्या दिवसापासून माझंच आकाशावर लक्ष लागेना. फाटकाची कडी वाजली की कान टवकारायचे. शेवटी एका संध्याकाळी, पावणेनऊला, मी तीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नाही ते केलं. कुणी बघायला सांगितलं नसताना दुसऱ्याच्या आत बघितलं. दुर्बीण खाली वळवली.

पिवळं जाकीट. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेला. त्यानं चिमणीच्या हातात एक कागद दिला. तिनं जागच्या जागी दोनदा उडी मारली लहान पोरीसारखी. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिनं मान वळवली आणि सरळ माझ्या भिंगांत बघितलं.

सकाळी चहाचं आधण ठेवते न ठेवते तोच ती आली. बसली नाही.

"काल बघत होतात."

"हो," मी म्हणाले.

"त्यांनी सांगितलं म्हणून?"

"नाही. माझं मीच."

तिनं पर्समधून कालचा कागद काढला आणि ओट्यावर आपटला. बस चालवायचा परवाना. पिवळ्या जाकिटातला माणूस प्रशिक्षण केंद्रातला तिचा गुरू होता, संध्याकाळी ती तिथंच जायची; मागे अर्जावर सही घ्यायला आणि काल हा परवाना द्यायला तोच आला होता.

"मग लपवलंस कशाला गं?"

"दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं बस शिकते म्हणून. घरभर पाहुणे होते. हे म्हणाले, हिचे पाय ब्रेकपर्यंत पोचले तर बघू. सगळे पोट धरून हसले. तुम्हीही होतात, मावशी."

मी होते. हसलेही होते.

मी त्याच्या संशयाबद्दल, वहीबद्दल सगळं सांगून टाकलं. ती तशीच मागच्या दारानं बाहेर पडली आणि भिंतीपाशी जाऊन नवऱ्याला हाक मारली. तो ओल्या प्लॅस्टरचे हात घेऊन बाहेर आला. तिनं परवाना त्याच्या नाकासमोर धरला.

"मला विचारायचं होतं. मावशींच्या वहीला काय विचारता?"

त्यानं कागद वाचला. दोनदा वाचला. "विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

ती विचारात पडली. "नाही," म्हणाली.

आठ दिवस त्या घरातून भांड्यांशिवाय कसलाही आवाज आला नाही. मीही जाऊन त्याला कबूल केलं, की तो माणूस मला आधीच दिसला होता. तो म्हणाला, "कळलं होतं मला. तुम्ही उत्तराला फार वेळ लावलात." राग नव्हता आवाजात. तेच जास्त लागलं.

चिमणी कामावर रुजू झाली त्या पहिल्या दिवशी तो थांब्यावर जाऊन उभा राहिला. तिच्या गाडीत चढला, तिकीट काढलं आणि अगदी मागच्या बाकावर बसला. तिनं आरशात पाहिलं, ओळख दाखवली नाही. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, हा बसूनच.

"उतरा आता," ती पुढूनच म्हणाली. "गाडी इथून पुढं जात नाही."

तो उतरला. तिच्या खिडकीखाली येऊन म्हणाला, "वळणं छान घेतेस."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

हे त्यानंच मला सांगितलं. सांगताना, तो दिवा लावल्यापासून पहिल्यांदा हसला.