गाठ मारलेली वायर

मी एक जुनी टाकी आहे. पिण्याच्या पाण्याची नव्हे हं, मित्रांनो, तसला गैरसमज नको. पावाच्या डब्याएवढी, जाड पारदर्शक प्लास्टिकची टाकी. प्रयोगशाळेत प्रथिनं वेगळी करण्याचं काम मी एकोणीस वर्षं केलं.

तुमच्या स्नायूंत हजारो प्रकारची प्रथिनं असतात. त्यातलं एखादं नसलं, तर धडधाकट मूल चालता चालता पडू लागतं. कोणतं नाही, हे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून स्नायूचा कण साबणासारख्या रसायनात विरघळवतात, माझ्या पोटात उभ्या केलेल्या जेलीच्या खाचांत भरतात आणि वीज सोडतात. प्रथिनं जेलीतून खाली धावतात, लहान पुढे, मोठी मागे. मग रंग देऊन कोण हजर, कोण गैरहजर ते बघायचं. शाळेतली हजेरीच म्हणा ना! सोबत थोडा निळा रंग घालतात. तो खाली उतरताना दिसला की सगळं नीट चाललंय हे कळतं.

वीज मात्र योग्य दिशेने हवी. माझ्या झाकणाला दोन वायरी, एक लाल, एक काळी. त्या उलट जोडल्या तर प्रथिनं वर पळतात आणि जेलीबाहेर, माझ्यात भरलेल्या पाण्यात मिसळून जातात. मग ती कुणालाच परत मिळत नाहीत.

मला सांभाळलं टेपकाकांनी. ते इथले जुने तंत्रज्ञ. काहीही मोडलं की त्यावर टेप चिकटवायचे, म्हणून हे नाव. माझी लाल वायर तुटली तेव्हा नवी लाल मिळेना. काकांनी काळीच जोडली आणि ओळखू यावी म्हणून तिला गाठ मारली. पुढची आठ वर्षं वायरी त्यांनीच लावल्या, आणि निळा रंग बोटभर उतरेपर्यंत ते माझ्यासमोरून हलत नसत. जुनी असून दगा देत नाही, असं सगळे माझं कौतुक करायचे. मीही अभिमानाने फुगायचे. गाठ कशाला, हे कुणी विचारलं नाही आणि काकांनाही सांगायचं सुचलं नाही. मग ते निवृत्त झाले.

त्यांच्यानंतर माझं काम ताईकडे आलं. ताई म्हणजे इथली संशोधक, मायाळू आणि भलतीच टापटिपीची. त्याच आठवड्यात एक आई आली होती. तिची मोठी मुलगी स्नायूंच्या आजाराने गेली होती आणि आता धाकटी जिन्यात पडू लागली होती. संशय दोन प्रथिनांवर होता; त्यातलं कोणतं नाही हे कळलं असतं तर औषध ठरलं असतं. एकाचं औषध दुसऱ्याला घातक. धाकटीचा श्वास इतका कमजोर की तिला भूल देऊन स्नायूचा तुकडा काढणं शक्य नव्हतं. पण दोघी बहिणींचा आजार एकच, आणि मोठीच्या स्नायूचा मसुराएवढा तुकडा बर्फात जपलेला होता. तेवढाच.

ताईने आधी टेबल लख्ख पुसलं. त्यासाठी वायरी काढल्या, गाठ दिसली, ती सोडवून वायर सरळ केली आणि पुन्हा खोचून दिली. कुठली कुठे होती, हे तिने पाहिलं नाही. अगं बाई, थांब! मी आतल्या आत ओरडले, पण मला तोंड कुठे आहे?

अख्खा तुकडा विरघळवून तिने खाचांत भरला आणि वीज सोडली. तेवढ्यात ती आई आल्याचा निरोप आला. बिचारी एकटीच बाहेर बसली असेल म्हणून ताई तिला धीर द्यायला गेली. निळा रंग वर चढला, खाचांतून बाहेर पडला आणि पाण्यात विरून गेला. अर्ध्या तासाने ताई परतली, जेलीत निळा रंग कुठेच नाही हे तिने पाहिलं आणि वीज बंद केली.

तिने लपवालपवी केली नाही. त्या आईला आत बोलावून सगळं सांगितलं.

"चूक माझी आहे. आता काहीच उरलं नाही."

आईने माझ्या अंगावर हात ठेवला.

"म्हणजे ती या पाण्यात आहे?"

ताईने होकारार्थी मान हलवली.

"हे ओतून देणार?"

"नाही," ताई म्हणाली.

डॉक्टरांनी औषध अंदाजाने निवडलं. सहा महिन्यांत धाकटीचं चालणं थांबलं. बातमी ऐकून काका आले आणि त्यांनी वायरीला पुन्हा गाठ मारली. झाकणावर टेप लावून त्यावर लिहिलं, 'गाठ म्हणजे लाल. सोडू नये.' लिहिताना ते रडत होते. दोन ओळींचं काम, आठ वर्षं राहून गेलेलं.

मित्रांनो, तुम्हाला एकट्यालाच ठाऊक असलेली गोष्ट लिहून ठेवा. आणि दुसऱ्याने मारलेली गाठ दिसली तर सोडण्याआधी विचारा. मी आता वरच्या फळीवर असते, कामाला नवी टाकी आली आहे. माझ्यातलं पाणी कधीच आटलं, तळाशी पांढरा थर राहिलाय. ती आई अधूनमधून येते. ताई मला खाली काढून देते, आणि ती मला मांडीवर घेऊन बसते.